वर्णाचं नाव न घेता

१४ जानेवारी १९६३ रोजी जॉर्ज वॉलेस यांनी अमेरिकेतल्या अलाबामा राज्याचे गव्हर्नर म्हणून शपथ घेतली. काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवण्याची व्यवस्था आज आहे, उद्या राहील आणि कायम राहील, असं त्यांनी त्या दिवशीच्या भाषणात ठणकावून सांगितलं. आडपडदा नव्हता. समोरच्या गर्दीला हवं ते मिळालं. दक्षिणेबाहेरच्या अमेरिकेने मात्र नाक मुरडलं.

पाच महिन्यांनी, ११ जूनला, हेच वॉलेस टस्कलूसा इथे अलाबामा विद्यापीठाच्या दारात उभे राहिले. व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा प्रवेश त्यांना अडवायचा होता. समोर केंद्राच्या न्याय खात्याचे निकोलस कॅट्झेनबाख होते, भोवती टीव्हीचे कॅमेरे. वॉलेस यांनी लिहून आणलेलं निवेदन वाचलं. जानेवारीतली भाषा त्यात नव्हती. केंद्र सरकारची घुसखोरी, राज्यघटना आणि राज्यांचे हक्क यांवर सगळा भर होता. काही तासांनी ते बाजूला झाले आणि दोन्ही विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला. म्हणजे लढाई ते हरले. पण त्यानंतर त्यांच्याकडे कौतुकाची पत्रं आणि तारा येऊ लागल्या, आणि त्यांतल्या कितीतरी दक्षिणेबाहेरून आल्या होत्या. पाच वर्षांनी, १९६८ मध्ये, वॉलेस तिसऱ्या पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले. त्यांनी पाच राज्यं जिंकली आणि देशभरात साडेतेरा टक्के मतं मिळवली.

जानेवारी आणि जून यांच्या मध्ये वॉलेस यांचं मन बदललं नव्हतं. बदलली होती ती भाषा. जे उघड बोलून फक्त अलाबामात टाळ्या मिळत होत्या, ते वर्णाचं नाव न घेता बोललं तर मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्येही मतं मिळतात, हे त्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं. पुढच्या अर्धशतकात अमेरिकी राजकारणातल्या अनेकांनी हाच धडा गिरवला.

अशा भाषेला इंग्रजीत ‘डॉग व्हिसल’ म्हणतात. कुत्र्यांना बोलावण्याच्या एका शिटीचा आवाज माणसाच्या कानाला जवळपास ऐकूच येत नाही, त्यावरून हा शब्द आला. राजकारणात तो नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियात रुळला आणि तिथून इतरत्र गेला. अशा बोलण्याला दोन श्रोते असतात. एकाला साधा, निरुपद्रवी अर्थ ऐकू येतो, दुसऱ्याला त्याखालचा. आणि कोणी जाब विचारलाच, तर वक्ता पहिल्या अर्थाकडे बोट दाखवून मोकळा होतो. “मी काळ्यांबद्दल एक शब्द तरी बोललो का?” या प्रश्नाचं खरं उत्तर ‘नाही’ असंच असतं. सांकेतिक शब्दाची खरी ताकद या ‘नाही’मध्ये आहे. हा शब्द द्वेष लपवण्यापुरता नसतो. द्वेष नाकारण्याची सोय तो बोलणाऱ्यालाही देतो आणि ऐकणाऱ्यालाही. मी वर्णद्वेष्टा नाही, असं मनापासून मानणारा मतदारही त्या हाकेला ओ देऊ शकतो, कारण ती हाक कशाची होती हे स्वतःशी कबूल करण्याची वेळच त्याच्यावर येत नाही.

नेत्यांच्या कितीतरी आधी ही युक्ती कायदेमंडळांना साधली होती. यादवी युद्धानंतर १८७० मध्ये अमेरिकी राज्यघटनेत पंधरावी दुरुस्ती झाली. वर्ण, वंश किंवा पूर्वीची गुलामी या कारणांवरून कोणाचाही मताधिकार नाकारता येणार नाही, असं तिने सांगितलं. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं, ते याच आशादायक काळात. पण त्यानंतर सतराच वर्षांनी, १८९० मध्ये, मिसिसिपीने नवी राज्यघटना लिहिली. मत द्यायचं असेल तर दोन डॉलर मतदानकर भरा, आणि राज्यघटनेतलं एखादं कलम वाचून दाखवा किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगा, अशा अटी तिने घातल्या. ‘काळा’ हा शब्द त्यांत कुठेही नव्हता. पण अर्थ बरोबर सांगितला की चूक, हे ठरवणारा नोंदणी अधिकारी गोरा होता. १८९८ मध्ये लुईझियानाने एक पायरी आणखी वर चढून ‘आजोबा कलम’ आणलं. ज्याचे वडील किंवा आजोबा १८६७ च्या आरंभी मतदार होते, त्याला शिक्षणाची आणि मालमत्तेची अट माफ. त्या तारखेला राज्यातल्या काळ्या माणसांच्या बापजाद्यांना मताचा हक्कच नव्हता. परिणाम असा की १८९६ मध्ये तिथे सुमारे १ लाख ३० हजार कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, ते १९०४ पर्यंत दीड हजारांच्याही खाली आले. सर्वोच्च न्यायालयाने आजोबा कलम १९१५ मध्ये रद्द केलं. मतदानकर आणि वाचनाची परीक्षा मात्र साठच्या दशकापर्यंत टिकून राहिली.

मात्र त्या काळात सांकेतिक भाषा फक्त कायद्याच्या कागदावर लागत होती. सभेत, वर्तमानपत्रात, विधिमंडळात लोक उघड बोलत, कारण उघड बोलण्याची काही किंमत मोजावी लागत नव्हती. ती किंमत विसाव्या शतकाच्या मध्याला वाढू लागली. १९५४ मध्ये ‘ब्राउन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा झाला आणि १९६५ मध्ये मताधिकार कायदा. पोलिसांनी शांत निदर्शकांवर सोडलेले कुत्रे आणि पाण्याचे फवारे साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिले. माणसं जन्मतः समान आहेत हे निदान तोंडाने तरी मान्य करणं हा सभ्यतेचा निकष झाला. तेव्हापासून कायद्याच्या कागदावरची जुनी युक्ती व्यासपीठावर आली.

या भाषेतला सर्वांत जुना शब्द म्हणजे ‘राज्यांचे हक्क’. संघराज्यात राज्यांचे अधिकार किती असावेत, हा अगदी रास्त प्रश्न आहे. पण १९४८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने नागरी हक्कांचा ठराव केला म्हणून दक्षिणेतले नेते बाहेर पडले, तेव्हा त्यांनी आपल्या नव्या पक्षाच्या नावातच हे शब्द घातले. त्यांचे उमेदवार स्ट्रॉम थर्मंड यांनी चार राज्यं जिंकली. राज्याचा कोणता हक्क, हे त्यांच्या मतदारांना समजावून सांगावं लागलं नाही. म्हणून ३ ऑगस्ट १९८० रोजी रोनाल्ड रेगन यांनी मिसिसिपीतल्या नेशोबा काउंटीच्या जत्रेत आपला राज्यांच्या हक्कांवर विश्वास आहे असं सांगितलं, तेव्हा वाद पेटला. त्या जत्रेपासून थोड्याच मैलांवर जून १९६४ मध्ये जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वेर्नर या तीन तरुणांचा खून झाला होता. कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीचं काम ते करत होते, आणि त्यांना मारणाऱ्यांमध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचे लोक होते. रेगन यांचे समर्थक म्हणतात, भाषणाचा बराचसा भाग अर्थकारणावर होता, आणि दोनच दिवसांनी ते न्यूयॉर्कमध्ये अर्बन लीग या कृष्णवर्णीयांच्या संस्थेपुढेही बोलले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकाच वाक्याचे दोन प्रामाणिक वाटणारे खुलासे करता येणं, हेच तर या भाषेचं लक्षण.

‘कायदा आणि सुव्यवस्था’ हा शब्दप्रयोग त्याहून अवघड आहे. दक्षिणेतले अधिकारी तो आधी नागरी हक्क चळवळीविरुद्ध वापरत. उपाहारगृहात गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी जाऊन बसणं हा त्यांच्या लेखी कायदेभंग होता, आणि तो मोडून काढणं म्हणजे सुव्यवस्था. पण साठच्या दशकात अमेरिकेत हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण खरोखरच दुपटीहून अधिक वाढलं. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात, १९६७ मध्ये न्यूअर्क आणि डेट्रॉइटमध्ये मोठ्या दंगली झाल्या. लोक घाबरले होते आणि त्यांची भीती काल्पनिक नव्हती. १९६८ मध्ये रिचर्ड निक्सन यांनी या भीतीला हात घातला. त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं, यावर एरवी नुसता तर्क करावा लागला असता. पण त्यांचे निकटचे सहकारी एच. आर. हाल्डमन रोजनिशी लिहीत. १९९४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यातल्या १९६९ च्या, गरिबांच्या सरकारी मदतीवरच्या चर्चेच्या, एका नोंदीनुसार, सगळ्या प्रश्नाचं मूळ काळे लोक आहेत हे मान्य करावं लागेल, आणि तसं न दाखवता त्यावर उपाय करणारी व्यवस्था आखायला हवी, अशा अर्थाचं निक्सन त्यांना म्हणाले होते. ‘तसं न दाखवता’ या भागात या लेखाचा सारा विषय सामावला आहे.

‘सक्तीची बस’ हा तिसरा नमुना. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा मिसळण्यासाठी मुलांना बसने दूरच्या शाळेत पाठवण्याला मान्यता दिली. १९७४ मध्ये बॉस्टनमध्ये न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी तसा आदेश दिल्यावर गोऱ्या वस्त्यांमध्ये दगडफेक झाली. विरोधकांच्या अधिकृत मागणीत वर्णाचा उल्लेख नव्हता. त्यांना ‘आपल्या भागातली शाळा’ हवी होती आणि मुलांची बसमधली वणवण नको होती. कुठल्याही आईबापाला पटावी अशी ही मागणी. पण इतिहास वेगळंच सांगतो. ज्या ‘ब्राउन’ खटल्यातून हे सारं सुरू झालं, त्यातली लिंडा ब्राउन ही कॅन्सस राज्यातल्या टोपीका गावची मुलगी घराजवळची गोऱ्यांची शाळा सोडून, रेल्वेच्या यार्डातून चालत जाऊन, बस पकडून काळ्यांच्या दूरच्या शाळेत जात होती. शाळा वेगवेगळ्या ठेवण्यासाठी धावणाऱ्या बसविरुद्ध तेव्हा कोणी मोर्चा काढला नव्हता.

‘वेलफेअर’ या शब्दाचा प्रवास सर्वांत बोधप्रद आहे. गरीब कुटुंबांना सरकारी मदत देणारी योजना १९३५ च्या कायद्यातून आली, आणि सुरुवातीच्या काळात तिचा चेहरा होता गोऱ्या विधवेचा. १९७६ च्या प्रचारात रेगन शिकागोतल्या एका बाईची गोष्ट सांगत: ऐंशी नावं, तीस पत्ते, आणि वर्षाला दीड लाख डॉलरची करमुक्त कमाई. ती बाई, लिंडा टेलर, खरी होती आणि लबाडही. मात्र सरकारी मदतीचा तिच्यावरचा आरोप होता चार नावांनी सुमारे आठ हजार डॉलर लाटल्याचा. रेगन यांनी तिचा वर्ण कधी सांगितला नाही. सांगण्याची गरजही नव्हती, कारण ते चित्र ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच तयार होतं.

हे चित्र कुठून आलं, याचा शोध राज्यशास्त्रज्ञ मार्टिन गिलेन्स यांनी घेतला. १९८८ ते १९९२ या काळात ‘टाइम’, ‘न्यूजवीक’ आणि ‘यू. एस. न्यूज’ या साप्ताहिकांनी गरिबीवरच्या लेखांसोबत छापलेली छायाचित्रं त्यांनी तपासली. त्यांतल्या गरिबांपैकी ६२ टक्के कृष्णवर्णीय होते. प्रत्यक्षात देशातल्या गरिबांमध्ये त्यांचं प्रमाण होतं २९ टक्के. ही छायाचित्रं निवडणारे संपादक काही निवडणूक लढवत नव्हते. पण वर्षानुवर्षं गरिबीच्या बातमीशेजारी काळा चेहरा छापला गेला, की ‘वेलफेअर’ म्हणताच तोच चेहरा डोळ्यांपुढे येतो. नेत्याला मग फक्त शब्द उच्चारायचा उरतो. बाकीचं वाक्य श्रोता पूर्ण करतो.

या साऱ्याचा आतला हिशेब एका माणसाने उघड सांगून ठेवला आहे. ली अ‍ॅटवॉटर हे रिपब्लिकन पक्षाचे दक्षिण कॅरोलिनाचे तरबेज निवडणूक-डावपेचकार. १९८१ मध्ये ते रेगन यांच्या व्हाइट हाउसमध्ये काम करत होते, तेव्हा राज्यशास्त्रज्ञ अलेक्झांडर लॅमिस यांना त्यांनी मुलाखत दिली. १९५४ मध्ये काळ्यांसाठी उघड शिवी चालत असे, १९६८ पर्यंत तीच शिवी बोलणाऱ्यावर उलटू लागली, असं ते म्हणाले. मग सक्तीची बस, राज्यांचे हक्क असं बोलायचं. पुढे भाषा आणखी अमूर्त होते आणि करकपातीसारख्या निव्वळ आर्थिक गोष्टींवर येते, ज्यांचा फटका गोऱ्यांपेक्षा काळ्यांना अधिक बसतो. सुरुवातीला ही मुलाखत नाव न देता छापली गेली. मूळ ध्वनिफीत २०१२ मध्ये सार्वजनिक झाली. अ‍ॅटवॉटर यांना त्यातून उलटंच सांगायचं होतं, हेही नमूद करायला हवं. भाषा इतकी अमूर्त होत असेल तर वर्णाचा प्रश्न हळूहळू विरतो आहे, असा त्यांचा दावा होता. पण हा दावा करताना त्यांनी पायऱ्यांचा नकाशाच काढून दिला.

त्या मुलाखतीनंतर सात वर्षांनी, १९८८ मध्ये, अ‍ॅटवॉटर यांनी जॉर्ज बुश थोरले यांची प्रचारमोहीम चालवली. विरोधात होते मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस. त्या राज्यात कैद्यांना फर्लो रजा देण्याची योजना होती. ती एका रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात, १९७२ मध्ये, सुरू झाली होती. खुनाबद्दल जन्मठेप भोगणारा विल्यम हॉर्टन हा कृष्णवर्णीय कैदी १९८६ मध्ये फर्लोवर सुटला तो परतलाच नाही, आणि पुढच्या वर्षी मेरिलँडमध्ये त्याने एका गोऱ्या जोडप्यावर भीषण अत्याचार केला. घटना खरी होती आणि त्यावर गव्हर्नरला जाब विचारणंही रास्त होतं. पण बुश-समर्थक गटाच्या टीव्ही जाहिरातीत हॉर्टनचा पोलिसी फोटो झळकला, आणि स्वतःला विल्यम म्हणवणारा हा माणूस साऱ्या देशाला ‘विली’ म्हणून माहीत झाला. जाहिरातीत वर्णावर चकार शब्द नव्हता. फोटो पुरेसा होता.

राज्यशास्त्रज्ञ ताली मेंडेलबर्ग यांनी २००१ च्या आपल्या पुस्तकात या मोहिमेचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की हॉर्टनची चर्चा ‘गुन्हेगारी’ या नावाखाली चालू होती तोवर गोऱ्या मतदारांमधल्या पूर्वग्रहांना ती चेतवत राहिली. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन यांनी हा वर्णद्वेषी प्रचार आहे असं जाहीरपणे म्हटलं, आणि वृत्तवाहिन्यांवर ‘वर्ण’ हा शब्द आला. त्यानंतर जाहिरातीचा जोर ओसरला. आपल्याला काय ऐकवलं जात होतं हे लोकांना उघड कळलं की ते सावध होतात, असं मेंडेलबर्ग यांचं म्हणणं. काही अभ्यासकांनी या निष्कर्षावर आक्षेपही घेतले, पण अनेक वर्षं चर्चा याच मांडणीभोवती फिरत राहिली.

एखादा शब्द किती काम करतो, हे मोजताही येतं. जॉन हर्विट्झ आणि मार्क पेफ्ली यांनी एका सर्वेक्षणात गोऱ्या अमेरिकनांना विचारलं, हिंसक गुन्हेगारांना डांबण्यासाठी तुरुंगांवर पैसा खर्च करावा की गुन्हेगारी रोखणाऱ्या इतर कामांवर? निम्म्या लोकांना विचारलेल्या प्रश्नात ‘गुन्हेगार’ या शब्दाआधी ‘इनर सिटी’, म्हणजे शहराच्या जुन्या अंतर्भागातले, एवढीच भर होती. ही भर नव्हती तिथे लोकांच्या उत्तराचा त्यांच्या वर्णविषयक मतांशी फारसा संबंध दिसला नाही. भर घालताच तो ठळक झाला, आणि पूर्वग्रह बाळगणारे तुरुंगांकडे झुकले. शहराचा एक भाग दाखवणारे दोन साधे शब्द, आणि प्रश्न तुरुंगाचा न राहता काळ्यांचा झाला.

हा खेळ एकाच पक्षाचा नाही. १९७६ मध्ये डेमोक्रॅट जिमी कार्टर यांनी वस्त्यांची ‘वांशिक शुद्धता’ राखण्यात गैर नाही असं म्हटलं आणि नंतर माफी मागितली. १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांनी वेलफेअरचं जुनं रूप संपवण्याचं वचन देऊन गोरे मतदार परत मिळवले, आणि १९९६ मध्ये तो कायदा केला. १९९५ मध्ये जॉन डियुलिओ या अभ्यासकाने दयामाया नसलेल्या कोवळ्या वयाच्या गुन्हेगारांची लाट येणार असं भाकीत करून त्यांना ‘सुपरप्रिडेटर’ म्हटलं. पुढच्याच वर्षी हिलरी क्लिंटन यांनी भाषणात तो शब्द उचलला. ती लाट आलीच नाही. किशोरवयीनांमधली हिंसक गुन्हेगारी १९९४ पासूनच उतरणीला लागली होती. डियुलिओ यांनी नंतर चूक मान्य केली, आणि २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनीही तो शब्द वापरायला नको होता असं म्हटलं. पण तोवर अनेक राज्यांनी मुलांना प्रौढांच्या न्यायालयात उभं करणारे कायदे करून टाकले होते.

शब्दांवरचा वाद शब्दांपाशी थांबत नाही, तो यामुळे. १९८६ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने पाच ग्रॅम क्रॅकला आणि पाचशे ग्रॅम कोकेन पावडरला सारखीच, किमान पाच वर्षांची, कैद ठरवली. पदार्थ मुळात एकच, रूप वेगळं. क्रॅकची बातमी काळ्या वस्त्यांतून येई आणि पावडरची श्रीमंतांच्या मेजवान्यांतून. क्रॅकसाठी शिक्षा झालेल्यांत दहापैकी आठांहून अधिक कृष्णवर्णीय असत. शंभरास एक हे प्रमाण २०१० मध्ये अठरास एकवर आलं. या कायद्याच्या मजकुरात वर्णाचा उल्लेख तेव्हा नव्हता आणि आजही नाही. १८९० च्या मिसिसिपीतही तो नव्हता.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाचा या भाषेशी संबंध येतो तो बहुधा घर घेताना. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर डॉक्टर-इंजिनीअरांची भारतीय कुटुंबं तिथे गेली आणि न्यू जर्सीसारख्या राज्यांतल्या उपनगरांत स्थिरावली. ‘चांगली शाळा’ आणि ‘सेफ एरिया’ हे शब्द त्यांच्या बोलण्यात सहज येतात. शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो, त्यामुळे महागड्या वस्तीतली शाळा चांगली ठरते, आणि महागड्या वस्त्या कोणाच्या हे कित्येक दशकांच्या भेदभावाने ठरवून ठेवलेलं आहे. १९६८ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार एजंटला वर्ण पाहून गिऱ्हाइकाला अमुक वस्तीकडे वळवता येत नाही. मग तो शाळांबद्दल बोलतो. ‘न्यूजडे’ या वृत्तपत्राने २०१९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर छुप्या कॅमेऱ्याने केलेली तपासणी प्रसिद्ध केली. तिच्यात ४९ टक्के वेळा कृष्णवर्णीय, ३९ टक्के वेळा हिस्पॅनिक आणि १९ टक्के वेळा आशियाई गिऱ्हाइकांना गोऱ्यांपेक्षा वेगळी वागणूक मिळाल्याचं दिसलं. म्हणजे आपणही त्या यादीत आहोत. तरी १९६६ पासून आशियाई लोकांना ‘आदर्श अल्पसंख्य’ म्हणून गौरवलं जातं. कष्टाळू, कुटुंब सांभाळणारे, सरकारपुढे हात न पसरणारे. या कौतुकाचं अर्धं वाक्य बहुतेकदा गिळलेलं असतं: आणि ते दुसरे बघा. ही स्तुती ऐकून सुखावण्याआधी त्या गिळलेल्या अर्ध्या वाक्याचा विचार करायला हवा.

गेल्या दशकात परिस्थिती पुन्हा बदलली. २०१५ मध्ये डॉनल्ड ट्रम्प यांनी उमेदवारी जाहीर करताना मेक्सिकोतून येणाऱ्यांना गुन्हेगार आणि बलात्कारी म्हटलं, आणि लगेच काही चांगलेही असतील अशी पुस्ती जोडली. तत्त्वज्ञ जेनिफर सॉल यांना ही पुस्ती महत्त्वाची वाटते. सांकेतिक शब्द गोष्ट लपवतो; इथे गोष्ट उघड बोलून वर लाज झाकण्यापुरतं पान ठेवलं जातं, आणि वक्ता वर्णद्वेष्टा नसावा असं मानायला समर्थकाला तेवढं पुरतं. २०२० मध्ये ट्रम्प यांनी उपनगरी जीवनाचं स्वप्न वाचवल्याचं सांगितलं, तेव्हा मात्र जुनी शैलीही चालू होती: शेजारी स्वस्त घरं होऊ देणार नाही, एवढंच ते म्हणाले. निकोलस व्हॅलेंटिनो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की उघड वर्णवादी विधानं ऐकून मतदार पूर्वीसारखे बिचकत नाहीत. मेंडेलबर्ग यांनी ज्या सावधपणावर भरवसा ठेवला होता, तोच झिजला आहे. सांकेतिक भाषा ओसरते ती द्वेष संपल्यामुळेच असं नाही. उघड बोलण्याची किंमत पुन्हा उतरली तरीही ती ओसरते.

या साऱ्यातून एक धोकाही जन्मतो. शिटी शोधण्याची सवय लागली की ती जिथे तिथे ऐकू येऊ लागते. ज्या कृष्णवर्णीय आईचा मुलगा रस्त्यावरच्या गोळीबारात गेला, तीही कायदा आणि सुव्यवस्था मागते. करकपातीचा पुरस्कार करणारा प्रत्येक जण अ‍ॅटवॉटरचा शिष्य नसतो. हे शब्द जितके जुने होतात तितके ते हेतूपासून सुटतात; मनात काही नसलेला माणूसही ते वापरतो, आणि तरीही ते आपलं काम करतात. म्हणून बोलणाऱ्याच्या अंतःकरणात डोकावून निवाडा करण्याची धडपड बहुधा फुकट जाते. ‘तुम्ही वर्णद्वेष्टे आहात का?’ या प्रश्नाला कोणी होकार देत नाही, आणि चर्चा त्या नकारापाशीच अडकून पडते.

त्यापेक्षा शब्दाची तपासणी बाहेरून करावी. हा शब्द या ठिकाणी, या लोकांपुढे आधी कशासाठी वापरला गेला होता? तो ऐकताच लोकांच्या मनात कोणाचा चेहरा येतो, आणि तो चेहरा आकडेवारीशी जुळतो का? त्या शब्दाच्या आधाराने जे धोरण येतं, त्याची झळ कोणाला लागते? आणि तोच नियम उलट्या बाजूला लागू झाला असता, तर बोलणाऱ्याचा विरोध टिकला असता का? लिंडा ब्राउनच्या बसला जो विरोध झाला नाही तो बॉस्टनच्या बसला झाला, याने चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. वेलफेअरच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं, आणि क्रॅकच्या बाबतीत तिसऱ्याचं.

या चारही प्रश्नांत वक्त्याच्या हेतूबद्दल एक अक्षरही नाही, आणि त्यांचं बळ त्यातच आहे. हेतू नाकारता येतो. मतदारयादीतले दीड हजार, साप्ताहिकातले ६२ टक्के, पाच ग्रॅमची पाच वर्षं यांना मात्र नाकारण्याची सोय नसते.